मनगटाला बांधलेला धागा

भटू,

तुझा फोन बंद आहे आणि नवागामच्या तुझ्या खोलीला दुसऱ्या कुणाचं कुलूप. म्हणून कागदावर बोलते. पत्ता कुठला घालायचा ते नंतर बघू. हे बरंय, मध्येच "काय म्हटलं, बाई?" म्हणून विचारता येणार नाही तुला.

उधन्याच्या खात्यात, त्या कापडाच्या कारखान्यात, लूम चालवण्यात तुझं अर्धं आयुष्य गेलं. नवी मशिनं आली, माणसं कमी होऊ लागली, तेव्हा तू डोक्यात घेतलंस की आजारी माणसं सांभाळायची. घरोघरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतल्या बाईने विचारलं, अनुभव आहे? तू तडक माझ्याकडे आलास. तुझी उज्ज्वला असताना माझ्याकडे पोळ्या करायची. बायको गेल्यावर सुरतेत तुला विचारण्यासारखं एवढंच दार उरलं होतं.

"अनुभव सगळे मागतात, बाई. देत कुणी नाही."

"मग माझ्यावर घे."

"पण तुम्ही आजारी कुठे आहात?"

"होईन. तू सुरुवात तर कर!"

मग रोज पाळी संपली की यायचास. मी धडधाकट बाई पलंगावर अंग टाकून द्यायची आणि तू मला खुर्चीत बसवायचास. पहिल्या दिवशी कापडाच्या ताक्यासारखी खांद्यावरच घ्यायला निघालास! आणि आवाज? "बाई, उजवा हात!" असा ओरडलास की शेजारची सुवर्णा लाटणं घेऊन धावत आली.

"अरे, खातं नाहीये हे. आवाज खाली."

"खाली म्हणजे किती, बाई?"

तिथेच मला शंका आली. दुसऱ्या दिवशी पाठमोरी होऊन हाक मारली. उत्तर नाही. म्हणजे इतके दिवस तू ओठ वाचत होतास.

"भटू, कान दाखवायचे. रविवारी."

"लूमवाल्याचे कान असेच असतात, बाई. ब्युरोत कळलं तर काम कोण देईल? आधी लागू तर द्या."

लागलासही. भेस्तानला, अर्धांगवायू झालेल्या एका गुजराती आजोबांकडे, दिवसरात्र. झोपेत त्यांची हाक ऐकू येणार नाही, ही तुझी धास्ती. म्हणून लूमवालाच करील ते केलंस. धाग्याचं एक टोक त्यांच्या चालत्या हाताला, दुसरं तुझ्या मनगटाला. ओढलं की जाग. फोनवर मला किती कौतुकाने सांगितलंस! "झोप नसली की उगीच ओढतात आजोबा. मग आम्ही दोघं बसतो."

एका सकाळी त्यांची सून चहा घेऊन आली आणि तिने तो धागा पाहिला. "बापुजीने बांध्या केम?" सासऱ्यासमोर तिच्या तोंडावर पदर. तुला ओठच दिसले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, बांधून ठेवलंस का यांना? आणि तू, मूर्खा, हसून मान डोलावलीस.

दुपारी माझ्या दारात पिशवी घेऊन उभा. हे सगळं ब्युरोवालीने मला फोनवर सांगितलं, ते मी तुझ्याकडे तोंड करून तुला सांगितलं. तेव्हा कुठे कामावरून का काढलं ते तुला कळलं.

"आजोबांनी धागा सोडला नाही, बाई," एवढंच म्हणालास. "मुठीत धरून ठेवला."

मी म्हटलं, आता रविवारी कानाचा डॉक्टर, सबबी नकोत. कानाला मशीन बसवू, मग ब्युरोवालीशी मी बोलते. "येतो," म्हणालास. मान डोलावलीस. मी तोंडासमोर कप धरला होता का, हे आता आठवत नाही.

संध्याकाळी माझी मी उठते, खुर्चीत बसते. उठता येतं, ती अडचण नाही.

त्या रविवारी मी डॉक्टरांकडे नंबर लावला होता. साडी बदलून, चपला घालून बसले. दवाखान्यातून फोन आला, पेशंट कुठे आहे? म्हटलं, येतोय.