गोल्डवाला हिरामण

कशेळ्याच्या अलीकडच्या गावात विमानाने फिरणारा माणूस एकच, हिरामण. तो काही कुठला साहेब नव्हे. रसायनीच्या एका पंपांच्या कारखान्यात मेकॅनिक. देशात कुठेही त्यांचा पंप रुसला की कंपनी हिरामणला विमानात बसवून पाठवायची. खेपा इतक्या झाल्या की विमानवाल्यांनी त्याला गोल्ड कार्ड दिलं आणि बॅगेला लावायला एक सोनेरी पट्टी. मग काय, स्वारी हवेतच. ती पट्टी त्याने भाताच्या गोणीलासुद्धा बांधली, आणि खरं सांगायचं तर गिरणीवाल्या पोशाने ती गोणी रांग मोडून आधी भरडूनही दिली. मानाची वस्तू दिसली की आपली माणसं चौकशी करत बसत नाहीत.

विमानतळावर गोल्डवाल्यांसाठी वेगळी खोली असते. मऊ खुर्च्या, गरम जेवण, सगळं फुकट. तिथल्या इडलीचं वर्णन हिरामणने बायकोला, जयवंताला, इतक्यांदा ऐकवलं होतं की तिला ते तोंडपाठ झालं होतं. एक दिवस तुला तिथे बसवीन, असा त्याने शब्दही दिला होता. आता लेक सुरभीच्या बाळाचं बारसं हैदराबादला ठरलं. कार्डावर सोबत एक माणूस नेता येई. जयवंताने नवी साडी काढली आणि सगळ्या आळीला सांगून टाकलं.

नेमका तेव्हाच विमानवाल्यांनी नियम बदलला. यापुढे खेपा मोजायच्या नाहीत, तिकिटाला पैसे किती टाकले ते बघायचं. हिरामणची कंपनी पक्की चिकट, कायम सगळ्यात स्वस्त तिकीट काढणारी. गोल्ड गेलं. बायकोला कळू नये म्हणून हिरामणने घरामागे जाऊन विमानवाल्यांना फोन लावला आणि तिकडच्या मुलीला सुनावलं. आमच्याकडे लग्नात नारळ-टोपीचा मान कोणाला देतात, ठाऊक आहे का? जाड पाकीट देऊन, जेवून पळणाऱ्याला नाही. हळदीपासून प्रत्येक कार्याला जो हजर असतो, त्याचं नाव माइकवर आधी पुकारतात. मान हजेरीवर द्यावा, पैशावर नव्हे. मुलगी गोड बोलली, पण कार्ड काही परत आलं नाही. जयवंताला हे सांगायची हिरामणला लाज वाटत होती. विमानतळावर जाऊन अजिजी करू, एवढ्यावरच त्याची भिस्त होती.

बारशाला निघाल्यावर विमानतळावरच्या त्या खोलीच्या दाराशी यंत्राने कार्डाला लाल दिवा दाखवला. तिथल्या माणसाने हसून नकार दिला. हिरामणने फक्त पाया पडायचंच बाकी ठेवलं. मागे जयवंता नव्या साडीत उभी. शेवटी दोघं बाहेरच्या लोखंडी बाकावर येऊन बसली. हिरामणने खालमानेने सगळं सांगितलं, नारळ-टोपीच्या दाखल्यासकट. निदान बायकोला तरी आपली बाजू पटेल, अशी त्या बिचाऱ्याची समजूत.

जयवंताने पिशवीतून तांदळाची भाकरी नि लसणाची चटणी काढली. अर्धी भाकरी त्याच्या हातात दिली.

"बरोबरच बोलला तुमी," ती म्हणाली. "मान हजेरीवरच पायजे. सुरभीच्या शाळंत कोण जायचं? मी. आईंना घेऊन कर्जतच्या दवाखान्यात कोण बसलं? मी. आन सुरभीच्या लग्नाची बोलणी झाली, तवा तुमी कुठं होता?"

"गुवाहाटीला," हिरामण म्हणाला.

"मंग सांगा, त्या कार्डावर नाव कोणाचं पायजे होतं?"

पंप कुठे अडलाय ते नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा गडी, पण घरात काय अडलंय ते त्याला आज कळलं. त्याला खरंच वाईट वाटलं.

"बारशाला येतोय ना गं मी," तो कसाबसा म्हणाला.

"येताय ना. ही पहिली खेप धरली," जयवंता म्हणाली. "अजून लय कराव्या लागतील." आणि तिने चटणी त्याच्यापुढे सरकवली.