टिंकूची शिस्त

आमच्या शेजारच्या प्रभावतीकाकूंना त्यांच्या मुलाने, सुहासने, गेल्या वर्षी मुंबईला नेलं आणि महिन्याभरात परत आणून सोडलं. म्हणे, गॅलरीत भांडी घासते, पाणी खालच्यांच्या कपड्यांवर पडतं.

यंदा मे महिन्यात तो टिंकूला घेऊन आला. हातभर पॉमेरेनियन कुत्रा, पण तिकडे घरभर उधळायचा आणि सोफ्यावर मुतायचा. "आई, याला जरा शिस्त लाव," म्हणाला आणि गेला. शिस्तीची गरज खरी कुणाला होती, ते मी तोंडावर आलेलं गिळलं.

काकूंनी मात्र लावली. खाणं झालं की टिंकूला उचलून परसात, माडाच्या आळ्यात सोडायचं. तिथे केलं की सुक्या बांगड्याचा तुकडा. गणपतीपर्यंत सारवलेल्या जमिनीवर थेंब पडेना. सुहास खूश होऊन कुत्रा घेऊन गेला. आईला चल म्हणाला नाही.

दिवाळीत टिंकूसकट परत हजर!

"आई, याला मातीच लागते. आमच्याकडे सगळीकडे फरशी. दिवसभर तुंबवून केकाटत बसतो. हा आता फ्लॅटमध्ये राहण्यासारखा नाही."

काकूंनी टिंकूला कडेवर घेतलं.

"दे. मला सोडायला आलास, तेव्हाही हेच म्हणालास."