फोनवर ऐकू न आलेलं गाणं

आमची थोरली कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, त्यावरून ती प्लास्टरचे साचे ओतते, मेणात एकेक दात बसवते, घासते आणि चकाकी देते. घरी येते तेव्हा तिच्या भुवयांवर पांढरी भुकटी असते आणि बोटांना मेणाचा वास. हातपाय धुऊन, दोन घास खाऊन ती तिच्या खोलीत जाते आणि थोड्या वेळात फरशीतून तळपायांपर्यंत चढत येणारा आवाज सुरू होतो. तिचा धाकटा भाऊ म्हणतो, "ताईचं बरंय. दिवसा कवळ्या, संध्याकाळी कानठळ्या."

हे संगीत म्हणजे नेमकं काय, ते मला तिनं अनेकदा समजावलं. जगात कुठे कुठे नोकरी सांभाळून घरच्या संगणकावर गाणी बनवणारी माणसं आहेत. कोणी परिचारक, कोणी गवंडी, कोणी प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई. आपापल्या मुलखातले ढोल, अंगाया, मासेमारांच्या हाळ्या ते घेतात आणि त्याखाली यंत्रानं तयार केलेला जाड, खोल आवाज घालतात. त्याला ती बेस म्हणते, मी खर्ज म्हणते. कुठल्याही मोठ्या कंपनीला यांच्याशी देणंघेणं नाही. ही माणसं स्वतःच आपली गाणी इंटरनेटवरच्या छोट्या दुकानांत मांडतात आणि बहुतेकांकडे कोणी फिरकत नाही.

थोरली अशांना हुडकते. तिची पद्धत साधी आहे. एखाद्याचं काम आवडलं की त्यानं स्वतः कोणाची गाणी घेतली आहेत ते ती पाहते. "चांगला सुतार लाकूड कुठून आणतो ते बघायचं, आई. त्या वखारीत चांगलंच सापडतं." असं एकाचं बोट धरून दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं धरून तिसऱ्याकडे. दर शनिवारी ती निवडलेली गाणी, सोबत चार ओळी लिहून, ज्यांनी मागितली आहेत अशा लोकांना पाठवते. तिच्या यादीत काही शे माणसं असतील, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. तिचे दोन नियम आहेत. बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय गाणं पाठवायचं नाही आणि हातातलं काम बाजूला ठेवून ऐकल्याशिवाय त्याबद्दल लिहायचं नाही.

मला काळजी वाटते ती तिच्या कानांची, आणि या अनोळखी माणसांची. हे म्हणतात, "पोरगी घरात बसून जग फिरते, तुझं काय जातं?" माझं म्हणणं एवढंच, की जग फिरत फिरत आमच्या घरात आलं तर?

यात जो गोंधळ झाला, त्याची सुरुवात मात्र खालच्या मजल्यावर झाली. तिथल्या वहिनींना बाळ झालं. एका संध्याकाळी त्या अवघडून दारात उभ्या राहिल्या. "अहो, रागावू नका हं. पण तुमच्याकडे गाणी लागली की आमच्या बाळाचा पाळणा आपोआप हलतो."

"मग फुकटात दाई मिळाली की," धाकटा आतून म्हणाला.

"हलतो, पण तो जागा होऊन रडतो हो!"

थोरलीनं त्याच क्षणी मोठ्या स्पीकरची वायर काढली, त्यावर जुनी चादर घातली आणि बाळाची झोप मार्गी लागेपर्यंत तो बंद राहील असं सांगितलं. तिच्या हेडफोनचा एक कान आधीच गेला होता. त्यामुळे तेवढ्या दिवसांत आलेली गाणी ती फोनवरच ऐकायची. कवळ्यांच्या प्रयोगशाळेत, जेवायच्या सुट्टीत, फोन डब्याला टेकवून. शेजारच्या खोलीत घासायचं यंत्र किंचाळत असायचं.

त्याच दिवसांत बोटवाल्याचं गाणं आलं. हा माणूस दूरच्या एका खाडीत लोकांना पैलतीरी पोचवणारी बोट चालवतो. गाणी बनवून दुकानात ठेवायचा, पण आपणहून कोणाला ऐकायला पाठवायचं ही त्याची पहिलीच वेळ. दोघांनाही परक्या असलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत त्यानं लिहिलं होतं, की तुम्ही खरं ते लिहिता असं ऐकलंय, माझ्याबद्दलही लिहा, बरं किंवा वाईट.

एरवी न आवडलेल्या गाण्याबद्दल थोरली गप्प राहते. पण यानं मत मागितलंच होतं. तिनं शनिवारी, गाणं न पाठवता, नुसतंच लिहिलं, "ठोके छान आहेत, पण ठोक्यांच्या मधे काहीच नाही. पडवी बांधली आहे, घर बांधायचं राहिलं." वाचणाऱ्यांना ते पडवीचं फार आवडलं. एकदोघांनी आपापल्या पानांवरही तेच वाक्य उतरवलं. बोटवाल्याचं एका शब्दाचं उत्तर आलं. धन्यवाद. थोरलीला वाटलं, माणूस समजूतदार आहे.

पुढे खालच्या वहिनी स्वतःच वर आल्या. "लावा हो तुमची गाणी. आता तोफ डागली तरी उठत नाही तो."

रविवारी सकाळी स्पीकरवरची चादर निघाली. फोनवर ऐकलेली सगळी गाणी थोरली एकामागून एक पुन्हा लावत होती. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. कुठलं गाणं कोणाचं, याकडे माझं लक्ष नव्हतं. मधेच आवाज थांबला आणि ती दारात आली.

"आई, तू काय गुणगुणतेस?"

"मी? हेच, तू लावलेलं."

"परत म्हण."

मी म्हटलं. खालून वर चढणारी एक सुरावट होती. चार पावलं चढून जरा थांबायची आणि एक पाऊल मागे यायची. अगदी सोपी, एकदा कानावर पडली की जिभेवर बसेल अशी. थोरलीनं मला हाताला धरून आत नेलं. तेच गाणं आधी फोनवर लावलं. टक्, टक्, टकटक्. मधे नुसती पोकळी. मग स्पीकरवर लावलं. त्याच टकटकीखाली ती सुरावट अंगभर पसरली, कपाटाची काच थरथरायला लागली. अख्खं गाणं खर्जात होतं. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला एवढा खालचा आवाज काढताच येत नाही, त्यामुळे गाणं गाळलं गेलं होतं आणि चोथा तेवढा उरला होता.

"कोणाचं आहे हे?" मी विचारलं.

"बोटवाल्याचं." तिचा चेहरा तिच्याच प्लास्टरसारखा झाला होता. "हे मला माहीत होतं, आई. या कामातली पहिली गोष्ट आहे ही. यादीत नव्यानं आलेल्यांना मीच सांगते, की बेस फोनवर ऐकू नका. तोंड न बघता कवळी बसवली मी."

तिनं लगेच त्याचं दुकान उघडलं. तिथे काही नव्हतं. हे गाणं नव्हतं, आधीचीही नव्हती. त्यानं सगळंच काढून टाकलं होतं.

जेवताना घरात सभा भरली. धाकटा म्हणाला, "एवढं काय त्यात? गाणं तुझ्याकडे आहे ना? टाक आपल्या यादीत, लिही झकास आहे म्हणून. मिटलं."

"त्यानं काढलंय ते. त्याचं आहे."

"मग त्याला एकट्याला लिही, चुकलं म्हणून," हे म्हणाले. "जगजाहीर कशाला करायचं?"

"बाबा, नावं जगजाहीरच ठेवली होती ना मी?"

यावर हे आमटी ओरपत बसले.

पुढच्या शनिवारी तिनं एकही गाणं पाठवलं नाही. फक्त लिहिलं, की मी हे गाणं फोनवर, डब्याला टेकवून, यंत्राच्या आवाजात ऐकलं आणि त्यावर मत दिलं. घर होतं, मीच आत गेले नाही. काहींनी पाठ थोपटली. काहींनी, इतकी वर्षं तुम्ही असंच ऐकत होता का, असं विचारून आपलं नाव काढून घेतलं. ते तिला फार लागलं. बोटवाल्यालाही तिनं वेगळं लिहिलं. त्याचं उत्तर नाही.

मग ती जेवेनाशी झाली. ताटात चिवडत बसायची. फरशीतून येणारा तो आवाजही बंद झाला. इतकी वर्षं तो बंद व्हावा म्हणून मी कुरकुरत होते, आणि आता त्या शांततेत मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. एक दिवस म्हणाली, "बंद करते हे सगळं. त्या माणसानं पहिल्यांदा कोणापुढे तरी हात पुढे केला आणि तो नेमका माझ्यापुढे."

"अगं, त्यानं दुसऱ्याच कारणानं काढलं असेल. बोट बुडाली असेल, काही असेल."

"आई! धीर देतेस की घाबरवतेस?"

शेवटी एकदा उत्तर आलं. ती फोन घेऊन धावत स्वयंपाकघरात आली. त्यानं लिहिलं होतं, "तुमच्या माफीनंतर पुष्कळ लोक मला गाणं छान आहे म्हणून लिहितात. त्यांनी ते ऐकलेलंच नाही. तुम्ही ऐकलंय हे मी कशावरून मानू? गुणगुणून पाठवा."

आता आमच्या थोरलीला जगभरातले सूर कळतात, पण तिच्या गळ्यात एक उतरेल तर शपथ. शाळेत प्रार्थनेला बाई तिला नुसते ओठ हलव म्हणायच्या. तिनं ओट्याशी उभं राहून फोनवर रेकॉर्ड करायला घेतलं. चार पावलं चढली आणि मागे यायच्या जागी घसरून भलतीकडेच गेली.

"तिथे नाही, अलीकडे थांब," मी म्हटलं आणि म्हणून दाखवलं.

"आई, गप्प! रेकॉर्ड होतंय."

"पण चुकतेयस तू."

धाकटा दारातून म्हणाला, "हे ऐकलं तर तो बोटसुद्धा विकेल."

तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा घसरली. मी पुन्हा बोलले. शेवटी तिनं तेच, माझ्या आवाजासकट आणि धाकट्याच्या हसण्यासकट, पाठवून दिलं. मी म्हटलं, "अगं, त्यानं हे कुठे टाकून तुझं हसं केलं तर?"

"मी नव्हतं का त्याचं केलं?"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याची सगळी गाणी परत आली होती. तिला त्यानं अक्षरही लिहिलं नाही. त्या गाण्याखाली मात्र काही ओळी नव्यानं आल्या होत्या. त्याच्या गावची माणसं वल्ही मारताना ते गाणं म्हणत. लहानपणी तो बोटीच्या तळाशी झोपायचा आणि वरचं गाणं लाकडातून, पाण्यातून त्याच्यापर्यंत जसं पोचायचं तसंच त्यानं ते बनवलं होतं. त्याच्या परवानगीनं थोरलीनं त्या शनिवारी तेवढं एकच गाणं पाठवलं. स्वतःचे शब्द दोनच घातले, "सावकाश ऐका." त्या रात्री ती पोटभर जेवली.

मला वाटलं, सुटलो. पण परवा बोटवाल्यानं नवीन गाणं पाठवलं. हिनं दार लावून मोठ्या स्पीकरवर दोनदा ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "नाही जमलं त्याला."

"अगं बाई! आत्ता कुठे गाडी रुळावर आलीय. छान म्हणून टाक की."

"नाही आवडलं तर छान कसं म्हणू?"

"मग या वेळी गप्प तरी बस."

"त्यानं विचारलंय, आई."

तिनं त्याला एकट्याला लिहिलं, की मधल्या भागात सुरावट तीन वेळा तशीच येते आणि ऐकणाऱ्याचा पाय तिथे जड होतो. पाठवलंसुद्धा. मी दिवसभर तिच्या फोनकडे बघत होते. संध्याकाळी ती भुवया पुसत घरात शिरली, तर मी पाणीही न देता विचारलं, "आलं का काही?"

"आलं."

"रागावला?"

तिनं फोन माझ्यापुढे धरला. त्यानं लिहिलं होतं, "दुसऱ्यांदा जड होतो की तिसऱ्यांदा?"

ती चपला काढता काढताच उत्तर टाइप करायला लागली.