माळावरची गोधडी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. मग तुमच्याजवळ का बोलतेय? तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

माझी लेक कुसुम अजून माळावरच्या त्या दिवसांचं कौतुक नातवंडांना सांगते. तेव्हा भोरमध्ये उंदीर मरून पडायला लागले की प्लेगच्या भीतीनं लोक घरांना कुलपं लावायचे आणि नदीपलीकडच्या माळावर बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या बांधून महिना-दोन महिने राहायचे. त्या वर्षी कुसुम पाच वर्षांची होती, धाकटा वसंता तीन. पोरांना ती जत्राच वाटायची. तीन दगडांची चूल, आंब्याच्या फांदीला झोका, ओढ्यात डुंबणं, आणि दिवसभर पाय धुवा म्हणून मागे लागणारं कुणी नाही. कुसुम हे सगळं सांगते तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून आत जाते.

मला माळावर एका जागी बसवत नव्हतं. नवरा कचेरीच्या कामाला नसरापूरला, आठ दिवसांनी एकदा यायचा. वारा सुटला की तट्ट्या करकरायच्या, राख उडून भाकरीवर पडायची, वसंता दिसेल त्या बिळात हात घालायचा. मी उगाच कळशी घेऊन ओढ्यावर जायची, उगाच परत यायची. आणि त्यात कुसुमचं रडणं. तिची गोधडी घरी राहिली होती — जुन्या लुगड्याची, कडेला हिरवा काठ असलेली. तो काठ गालाला लागल्याशिवाय तिला झोप यायची नाही. दुपारी रडायची, तिन्हीसांजेला रडायची. तुम्ही म्हणाल, आईचा जीव कळवळला असेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं. मला संताप यायचा. एकदा तर मी तिला चुलीच्या फुंकणीनं मारलं.

बंद घरात जायचं नाही, तिथली वस्तू माळावर आणायची नाही, हा नियम होता. डॉक्टरांनी छापील पत्रक वाटलं होतं — मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात आणि त्यातून प्लेग होतो. आमच्या बाजूच्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच. ते पत्रक मोठ्यानं वाचून मीच सगळ्यांना समजावलं होतं. गंगूलाही.

गंगू ही आमच्या समोरच्या झोपडीतली. विधवा, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाणारी. तिची चंद्री कुसुमच्याच वयाची. गावात चंद्री आमच्या ओट्याखालीच उभी राहिली असती. माळावर मात्र दोघी एका झोक्यावर बसायच्या, आणि मी पाहून न पाहिल्यासारखं करायची. एका दुपारी माझी पोरं गंगूकडे ठेवून, धुणं धुवून येते म्हणून मी निघाले, ती थेट घरी गेले. आळीत चिटपाखरू नव्हतं. कुलूप काढलं, तर आत जात्याजवळ उंदीर मरून पडलेला. मी तो पाहिला. त्याला वळसा घालून गेले, दांडीवरची गोधडी ओढली आणि धुण्यात बांधली. नदीवर धुवायला हवी होती, नाही का? पण ओली गोधडी वाळायला दोन दिवस लागले असते, आणि मला शांतता त्याच दुपारी हवी होती. दगडावर जरा ऊन दाखवलं, झटकली, आणि आणली.

कुसुम झोपली. तीन दिवस माळावर कसं छान वाटलं.

चौथ्या दिवशी ती गोधडी मी गंगूला देऊन टाकली. थंडी पडायला लागलीय, चंद्रीला घाल म्हटलं. जुनंपानं आम्ही देतच असू, त्यात कुणाला नवल वाटणार? गंगूनं ती कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी नवरा यायचा होता, गोधडी पाहून त्यानं विचारलं असतं — म्हणून दिली. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

चंद्रीला ताप भरला. काखेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी पोर गेली. तिला त्याच गोधडीत गुंडाळून नेलं.

मग चौकशी झाली. माळाची व्यवस्था तात्या म्हणून एक म्हातारे मास्तर पाहायचे. त्यांनी मला विचारलं, तुम्ही समोरच राहता, गंगू कुठं गेली होती का? मी म्हटलं, "हो. गेल्या आठवड्यात चंद्रीला घेऊन विंझरला भावाकडे गेली होती. नाचणी आणायला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती गेलीच होती, साऱ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी आणून दिलं. प्लेग तिथूनच आला असं ठरलं, आणि गंगूला ओढ्यापलीकडे एकटीला झोपडी हलवायला लावली. लेक जाऊन दोन दिवस झाले होते. डोक्यावर तट्ट्या घेऊन ती ओढा ओलांडत होती आणि मी तांदूळ निवडत बसले होते. विंझरला त्या वर्षी उंदीर पडलेच नव्हते, हे नवऱ्यानं पुढे सहज बोलता बोलता सांगितलं.

आणि गोधडी दिली ती नवऱ्यासाठी — नाही. त्या सकाळी कुसुमला न्हाऊ घालताना तिच्या पोटऱ्यांवर पिसवा चावल्याचे लाल ठिपके मी पाहिले होते. चांगले सात-आठ. पाहिले, आणि तासाभरात गोधडी गंगूच्या हातात होती. मला माहीत होतं का? पत्रक मीच वाचलं होतं. जाळता आली असती — पण धूर झाला असता, कुणी विचारलं असतं, कुठली गोधडी? मला ती माझ्या झोपडीतून जायला हवी होती. कुठं जातेय हे मी पाहिलं नाही असं म्हणू? मीच तर नेऊन दिली.

कुसुमला काही झालं नाही.

चार-पाच वर्षांनी गंगू भोरच्या बाजारात भेटली. वाटेवर शेंगा घेऊन बसली होती. कुसुम शाळेत जाते का, केवढी झाली, सगळं विचारलं. मग शेंगा निवडता निवडता म्हणाली, "वैनी, म्याच नेली न्हवं तिला माहेरी. समदे म्हनत हुते एकटी जा, पोरीला ठेव हितं. म्या ऐकलं न्हाई. माज्या हातानं घालवली म्या तिला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतंही. मी म्हटलं, "असं मनाला लावून घेऊ नये गंगू. व्हायचं ते होतं."

ती व्हय म्हणाली, आणि माझ्या पिशवीत ओंजळभर शेंगा जास्तीच्या टाकल्या, कुसुमसाठी म्हणून.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. दर बाजाराला त्याच जागी बसायची. मी दर बाजाराला जायची.