डुकराच्या पलीकडे

खांब गावच्या हैबतरावांचं अर्धं आयुष्य वालाच्या शेतातली रानडुकरं हाकण्यात गेलं. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचे छर्रे डुकराच्या कातड्यातच अडकायचे. यंदा मात्र लष्करानं मोडीत काढलेली जुनी रायफल त्यांना लायसनवर मातीमोल भावात मिळाली. गाव म्हणालं, "भंगार हाय ते!" उचलली जीभ, लावली टाळ्याला! हैबतराव भडकले, "भंगार नाय! लांबून सुपारी फोडंल ही!"

आज सकाळी त्यांनी बांधावरून बार काढला आणि डुक्कर जागच्या जागी आडवं झालं. मिशीवर ताव देत ते शेतापलीकडच्या आपल्या घरी आले.

दाराला बोटभर भोक पडलं होतं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गोळी डुकरातून, दारातून, भाताच्या कणगीतून आरपार जाऊन चुलीमागच्या भिंतीत रुतली होती. डुकराच्या मागं काय आहे, हे बघायची सवयच त्यांना कधी लागली नव्हती.

चुलीपाशी त्यांची बायको शकू पांढरीफटक होऊन बसली होती.

"शकू, लागलं काय गो?"

"फुंकणी उचलाया वाकले, म्हणून वाचले," ती म्हणाली. "जावा, गावाला सांगा, भंगार नाय म्हणून."