दुसरा बंक

बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या मागच्या भागात, जिथे सुकाणू धरून बसतात तिथे, पिंपळाचं रोप उगवलं होतं. हावडा बाजूला, नदीवरच्या दुसऱ्या पुलाच्या थोडं पुढे, लाँच दुरुस्त करणारं एक लहान यार्ड आहे. तिथे ती फाटक्या ताडपत्रीखाली लाकडी ठोकळ्यांवर कित्येक वर्षं उभी होती. मालक वारले होते, मुलं परदेशात. नवऱ्याने ते रोप मुळासकट ओढून काढलं. मुळांबरोबर कुजलेल्या प्लायवूडचा काळा लगदा बाहेर आला, आणि तो माझ्याकडे बघून हसला. असा हसताना मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "घेऊन टाक."

मी इथलीच. आजोबांच्या वेळेपासून आम्ही कोलकात्यात आहोत. एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. नवरा बँकेच्या बदलीवर इथे आला, इथल्या गणपतीत आमची ओळख झाली, आणि पुढच्या सगळ्या बदल्या टाळत तो इथेच राहिला. माझ्यासाठी राहिला, असं आम्ही दोघंही म्हणायचो. तरुणपणी मुंबईच्या बंदरात तो शिडाच्या होड्या चालवायला शिकला होता. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्याने ही बोट शोधून काढली. ती नीट करायची आणि दोघांनी किनाऱ्या-किनाऱ्याने खाली जायचं, ओडिशा, आंध्र, मग वळसा घालून कोकणात, असा बेत होता. आतल्या केबिनमध्ये दोन बाजूंना झोपायचे दोन बंक होते. डावा माझा, असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही सॉल्ट लेकहून मेट्रोने निघायचो, हावडा मैदानला उतरून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, पकडायचो. पहिलं वर्षभर फक्त काढायचंच काम चाललं. डेकवरचा फायबरचा पातळ थर कापून उचलला तर खालचं प्लायवूड ओल्या पावासारखं हाताने निघत होतं. खरवडायचं, वाळवायचं, मग नवीन फळ्या बसवायच्या, वरून फायबरचं कापड अंथरून इपॉक्सी ओतायचं. मी मास्क लावून घासायचे. दिवसभर घासायचा सँडर धरला की घरी आल्यावर चहाचा कप हातात कळायचा नाही. अंगाला फायबरची खाज सुटायची. यार्डातले लोक मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे आणि उन्हात बसू नका म्हणायचे.

वेगळं व्हायचं ठरलं ते एका उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, जेवताना. भांडण झालं नव्हतं. मुलगी बंगळुरूला नोकरीला गेल्यापासून घरात बोलण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं, आणि ते आम्हाला दोघांना माहीत होतं. त्याने भात वाढून घेतला आणि म्हणाला, "मला वाटतं, मी एकटाच जावं. आणि मग... परत इथे येऊ नये."

"म्हणजे कायमचं?"

"हो. तुला काय वाटतं?"

मी विचार केला. खरंच केला. काहीतरी वाटायला हवं म्हणून थांबले. मग म्हटलं, "ठीक आहे."

"चिडली नाहीस?"

"नाही."

तोही चिडलेला नव्हता.  मग त्याने विचारलं की उद्या फिल्टरवाला येणार आहे का. मी म्हटलं, येणार आहे. भांडी मी घासली, ओटा त्याने पुसला. रात्री मला नेहमीसारखी झोप लागली, याचं सकाळी आश्चर्य वाटलं. तेवढंच वाटलं.

पुढच्या सुट्टीला मी नेहमीच्या वेळेला जुना सलवार-कुर्ता घालून तयार झाले. तो लिफ्टपाशी उभा होता. एकट्यानेच जायच्या तयारीत होता.

"तू येतेयस?"

"बोल्ट राहिलेत ना," मी म्हटलं.

डेकवरच्या वस्तू, दोर गुंडाळायचे विन्च, कठड्याचे खांब, सगळे डेकच्या आरपार बोल्ट घालून बसवायचे होते. हे एकट्याचं कामच नाही. एकाने वर बसून बोल्टचं डोकं स्क्रू ड्रायव्हरने घट्ट धरायचं, दुसऱ्याने खाली केबिनमध्ये उताणं पडून नट आवळायचा. वरचा हलला तर खालचा, पाणी अडवणारा सीलंट फाटतो आणि तिथून पुढे पाणी झिरपतं. डेक तसाच उघडा ठेवून पावसाळा काढला असता तर केलेलं सगळं पुन्हा कुजलं असतं. म्हणून मी गेले. दुसरं कारण मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

"धर," तो खालून म्हणायचा.

"धरलंय."

"सोड."

उन्हाळाभर आमचं बोलणं एवढंच झालं. खरं सांगायचं तर त्याच्या आधीच्या काही वर्षांपेक्षा ते जास्तच होतं. आम्ही दोघांनी ते काम चांगलं केलं. बोट पाण्यात गेल्यावर त्या बोल्टांमधून एक थेंबही आला नाही.

पावसाळ्यात बाहेरचं काम थांबलं आणि आम्ही केबिनमध्ये शिरलो. वर ताडपत्रीवर पाऊस वाजत असायचा, आत एक पंखा आणि बल्ब. पाण्याच्या टाकीवर त्याचं घोडं अडलं होतं. जुनी टाकी लहान होती. लांबच्या पल्ल्याला मोठी हवी, आणि ती मध्यभागी, खालच्या बाजूला बसायला हवी, नाहीतर बोट एका अंगाला कलते. तो मापाची टेप घेऊन पुन्हा पुन्हा त्याच जागा मोजत होता. पुढच्या कोपऱ्यात मोजलं, जिन्याखाली मोजलं. डाव्या बाजूला मोजलं नाही. मी इपॉक्सीचा डबा ढवळत बसले होते.

"डावा बंक काढून टाक," मी म्हटलं. "टाकी तिथे बसेल. उजव्या बाजूला बॅटऱ्या आहेत, वजनाला वजन होईल."

त्याने टेप परत डबीत जाऊ दिली.

"तुला चालेल?"

"मी कुठे झोपणार आहे त्यावर?"

हे मी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, माहिती म्हणून म्हटलं होतं. त्याला कसं ऐकू गेलं कोण जाणे. तो जिन्यावर जाऊन पावसाकडे तोंड करून बसला. मी स्क्रू काढायला घेतले. गादीचा फोम मी स्वतःच मापाने कापून शिवला होता, निळ्या कापडात. ती गादी मी यार्डच्या दरवानाला देऊन टाकली. फळी निघत नव्हती, तेव्हा तो आला आणि दुसरं टोक धरलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत बंकच्या जागी रिकामा चौकोन होता. त्यात जुनी चिंचेची गोळी आणि एक केसांची क्लिप सापडली, दोन्ही माझी. क्लिप मी केसांना लावली.

मुलीला आम्ही सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही. बोट होऊ दे, मग सांगू, असं ठरलं होतं. दुर्गापूजेच्या सुट्टीत मुलगी घरी आली आणि म्हणाली, मंडपात काय दरवर्षीच जातो, मला बोट दाखवा. बाहेरून नवा पांढरा रंग झाला होता. ती बोट बघून ओरडलीच. शिडी चढून वर गेली, विन्च फिरवून पाहिलं, फोटो काढले. मग खाली केबिनमध्ये उतरली. आम्ही दोघं वर होतो. मी नव्या दोराची टोकं मेणबत्तीवर भाजत होते, उसवू नयेत म्हणून.

 मग तिने खालून हाक मारली, "आई, तुझा जागा कुठे आहे?"

तिचं मराठी असंच आहे. शाळा, मित्रमैत्रिणी सगळे बंगाली आणि इंग्रजी, त्यामुळे तो-ती-ते तिचं कायम चुकतं. मी सवयीने म्हटलं, "तुझी जागा."

"हो, तेच. कुठे आहे? इथे एकच माणूस झोपेल."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी सांगतो," आणि खाली उतरला. मी वरच बसून राहिले. त्याचा आवाज हळू होता. तिचा मुळीच येत नव्हता. मी उरलेल्या दोरांची टोकं भाजून घेतली. मग ती वर आली. चेहरा ओला होता, पण ती रडत नव्हती, रडून झालं होतं.

"कधी ठरलं?"

"उन्हाळ्यात."

"आणि तू अजून इथे येऊन काम करतेस? का?"

"अर्धवट कसं टाकणार?"

"आई, मी बोटीचं नाही बोलते."

मला कळलं होतं ती कशाबद्दल बोलतेय. पण तिची बाही कठड्याला टेकली होती आणि तिथला रंग अजून पूर्ण वाळला नव्हता, माझं सगळं लक्ष तिकडे होतं. मी तिचा हात हळूच बाजूला केला. तिला वाटलं मी तिला जवळ घेतेय, आणि ती मला बिलगली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिच्या बाहीवर रंगाचा पट्टा उमटला होता तो मला तिच्या खांद्यावरून दिसत होता. परतीच्या मेट्रोत ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली, लहानपणी बसायची तशी, आणि फोनमध्ये काहीतरी वाचत राहिली.

कालीपूजेनंतर क्रेनने बोट पाण्यात सोडली. इंजिनाचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून पाणी आत येत होतं. यार्डच्या मिस्त्रीने आणि नवऱ्याने ते दुपारपर्यंत बंद केलं. मग डोलकाठी उभी केली. लोकांनी नारळ फोडला, मिठाई वाटली. मीही वाटली. एका पाहुण्याने विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, छान.

नवरा जानेवारीत निघाला. वारा तेव्हा उत्तरेकडून असतो, खाली जायला सोयीचा. पुढच्या प्रवासाला मुंबईहून त्याचा जुना मित्र येणार होता, पण तो डायमंड हार्बरला चढणार होता. तिथपर्यंत सोबत कोणीतरी हवं होतं. "येशील का?" त्याने विचारलं. माझी त्या दिवशी सुट्टी होती.

भरती पुरी होऊन पाणी उतरायला लागल्यावर आम्ही दोर सोडले. नदीवर धुकं होतं, दोन्ही काठांवरच्या वीटभट्ट्यांच्या चिमण्या तेवढ्या वर दिसत होत्या. पहिल्यांदा इंजिनावरच गेलो. मग पात्र रुंद झालं, वारा आला आणि त्याने शीड चढवलं. इंजिन बंद केल्यावर एकदम इतकं शांत झालं की मला वाटलं काहीतरी बिघडलं. सुकाणू माझ्या हातात होतं. बोट एका अंगाला झुकली आणि पाण्याचा सळसळ आवाज सुरू झाला.

"चांगली चालतेय," तो म्हणाला.

"हो."

"तुझ्याशिवाय झाली नसती."

मला तेव्हा काहीतरी बोलायचं होतं.  पण समोरून एक मालवाहू बार्ज येत होतं आणि त्याला वाट द्यायची होती. बार्ज गेल्यावर तो थर्मासमधला चहा ओतत होता, आणि ते काय होतं ते मला आठवेना.

डायमंड हार्बरला नांगर टाकला. एका कोळ्याच्या होडीतून मित्र आला, सामानासकट, खूश. त्याला काही माहीत नव्हतं. "वहिनी, उतरता कसल्या? सागर बेटापर्यंत तरी चला!"

"आईकडे जायचंय," मी म्हटलं.

तो ज्या होडीतून आला त्याच होडीत मी उतरले. नवऱ्याने माझा दंड धरला होता, होडी हलत होती म्हणून. "पोहोचलीस की फोन कर," तो म्हणाला. मी म्हटलं, करते. काठावर चिखल होता, चप्पल हातात घ्यावी लागली. स्टेशनवर पाय धुतले आणि सियालदाची गाडी पकडली. खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटायच्या आधीच मी झोपले, ती सियालदाला एका बाईने हलवल्यावर उठले. घरी आल्यावर त्याला फोन केला. लागला नाही, तेव्हा मेसेज पाठवला.

तो आता विशाखापट्टणमला आहे, बोटीवरच राहतो. पुढच्या हंगामात आणखी खाली जाईल. मुलगी त्याला भेटून आली. म्हणाली, "बाबा बारीक झाला, पण बरा आहे." कोर्टाचं काम रीतसर चालू आहे, त्यात काही अडचण नाही.

आईला मी तो गेल्यावर काही दिवसांनी सांगितलं. आई भवानीपूरला एकटी राहते, ऐंशीच्या पुढे आहे. ती मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं, फार वेळ लागला नाही. तिने मध्ये एकदाही विचारलं नाही की का. शेंगा संपेपर्यंत सोलत राहिली. मग म्हणाली, "रडलीस का?"

"नाही अजून."

"बरं." तिने सालं कागदात गुंडाळली. "रविवारी काय करतेस आता?"

"काही नाही."

"मग इकडे ये."

मी जाते. मटारचा हंगाम संपला, आता ती मला पालक निवडायला देते. कधी बोलतो, कधी नाही. टीव्हीवर बंगाली बातम्या चालू असतात, आवाज बंद करून, कारण तिला आताशा ऐकू कमी येतं आणि मोठ्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो. दुपारी ती झोपते. मी तिच्या बाजूला पडून छताकडे बघते, आणि ती उठली की चहा ठेवते.