पडद्यामागचा सोलो

“हात धुतलेस ना? चामड्याचा वास गिटारला लागतो.”

क्लबात शिरताना बँडचे मास्तर रोज हेच विचारायचे. मी हात पुढं करायचो. ते वाकून वास घ्यायचे. सगळ्या वादकांसमोर. मग म्हणायचे, “जा, बस पडद्यामागं.”

बंगळूरचा कॅन्टोन्मेंट. गोरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा क्लब, त्यांचा नाच, त्यांचा बँड तसाच होता. खुर्च्यांवर आता आपली माणसं बसायची. आमचा आजा पलटणीबरोबर इकडं आला, घोड्यांची जीनं शिवायला. अण्णा, म्हणजे माझे वडील, क्लबच्या कोपऱ्यावर बूट शिवायचे. मास्तर बंगळूरच्याच मल्लेश्वरमचे. मराठीच. त्यामुळं आमची जात त्यांना विचारावी लागली नाही.

गिटारचा सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवायचा तुकडा, नावाला त्यांच्या भाच्याचा. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, गोरा, सूट शोभायचा. त्याच्या गिटारची वायर त्याच्याच खिशात खोचलेली. माझी वायर पडद्याखालून अॅम्प्लिफायरला जोडलेली. त्यानं बोटं नाचवायची, मी वाजवायचं. त्याच्या गळ्यातला गिटारचा पट्टा अण्णांनी शिवलेला. त्या चामड्याचा वास कुणाला आला नाही.

सोलो मला कुणी शिकवला नाही. “तू नुसती कॉर्ड धर,” एवढंच मास्तरांनी सुरुवातीला सांगितलं होतं. कॉर्ड धरून धरूनच कळलं, की सोलो तिच्या आतच आहे. सी कॉर्डमध्ये एकदम वाजणारे तीन सूर. सी, ई, जी. त्यांच्यातच हिंडायचं, बाहेर गेलो तरी परत त्यांच्यापाशी यायचं. आणि पियानोनं कॉर्ड बदलली की नव्या कॉर्डच्या सुरावर उतरायचं. ई वाजत असताना एफ कॉर्ड आली, तर बोट दांडीवर एकच घर पुढं सरकवलं की झालं. पोचलो. हे सापडलं त्या दिवशी मी एकटाच रडलो. माझ्या मालकीचं दुसरं होतं काय?

एका संध्याकाळी मध्यंतरात एक बाई भाच्याला म्हणाल्या, “इतकं सुंदर कसं वाजवता हो?”

तो म्हणाला, “आमच्या रक्तातच आहे.”

मी हातभर अंतरावर बसलो होतो. अंगाची आग झाली.

नाच पुन्हा सुरू झाला. सोलो आला. मी ईवर होतो, एफ येणार हे ठाऊक होतं. बोट पुढं सरकवलंच नाही. तारांवरून हात उचलला. वाटलं, आता पितळ उघडं पडेल. नाच थांबेल, कुणीतरी पडदा ओढेल.

काही झालं नाही. पियानो चालू, ड्रम चालू. भाच्याची बोटं मुक्या तारांवर पळत होती, डोळे मिटलेले. लोक नाचत राहिले. सोलोची जागा संपली आणि टाळ्या पडल्या. नेहमीएवढ्याच.

मास्तर आत आले. चिडलेसुद्धा नाहीत. “बघितलंस? तुझ्यावाचून काय अडलं? उद्या हात नीट धुऊन ये.”

कोपऱ्यावर अण्णांना सांगितलं. ते खाली बघतच म्हणाले, “स्वल्प सोसायचं होतंस रे.”

मी पुन्हा गेलो नाही. दुसरे क्लब पालथे घातले. तिथंही पडदेच. आता अण्णांच्या शेजारी बसून बूट शिवतो. आरीनं बोटांची टोकं फाटलीत, तार दाबली की कळ येते. सूर बिघडत चाललाय, मला ऐकू येतं. तो सुधारेल असं वाटत नाही.

तरी रोज उजेड आहे तोवर रस्त्यावरच माझी जुनी गिटार काढतो. क्लबाच्या मोटारी समोरून जातात. कुणी थांबत नाही, थांबणारही नाही. मी हात धूत नाही. चामड्याच्याच हातानं ई धरतो आणि बोट एफवर नेतो. त्या दिवशी सोडलेलं ते एक घर. वास येतो तर येऊ दे. उपाशी मरेन, पण पडद्यामागं बसणार नाही. आणि हे हात पुन्हा कुणाच्या नाकापुढं धरणार नाही.